क्रोएशियात स्वस्तात समुद्र: याट नको, फेरी धरा

क्रोएशियाच्या दाल्मेशियन किनाऱ्यावर कमी खर्चात भटकायचं असेल, तर भाड्याच्या याटचा नाद सोडून सरकारी ‘याद्रोलिनिया’ कंपनीची फेरीबोट धरावी, असं माझं ठाम मत आहे. याट बहुधा शनिवार ते शनिवार अशी आठवड्यानेच मिळते. भाड्याशिवाय इंधन, बंदराचं शुल्क, सफाई आणि अनामत वेगळी. परवाना नसेल तर स्किपरचा रोज आणि जेवणही आपल्याच माथी. उलट स्प्लिट शहराहून फेरीने ब्राच बेटावरचं सुपेतार साधारण 50 मिनिटांवर, ह्वार बेटावरचं स्तारी ग्राद दोनेक तासांवर, आणि तेही उघड्या डेकवर वारा खात!

कुणी म्हणेल, ही तर पाण्यावरची एसटी; निवांत खाड्यांचं काय? त्यासाठी ह्वार बेटावरच्याच ह्वार गावाच्या धक्क्यावरून पाक्लेनी बेटांकडे टॅक्सीबोटी सुटतात. सकाळी जावं, पोहावं, संध्याकाळी परतावं. आठ जण मिळून याट घेतली तर हिशेब बदलतो, हे खरं. पण चौघांच्या कुटुंबाला ते परवडत नाही. ऑगस्ट टाळून सप्टेंबर गाठा: खोल्या स्वस्त, पाणी अजून उबदार. ‘बुरा’ नावाचा इथला जोरदार वारा सुटला की कॅटामरान बोटी आधी रद्द होतात, मोठ्या फेरीबोटी बऱ्याचदा तग धरतात. तरी विमानाआधीची रात्र स्प्लिटमध्येच काढा.