नव्या घरासाठी हीट पंप केवढा घ्यायचा? चौरस फूट नको, बादल्या मोजा

पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या आसपास सध्या घर बांधणाऱ्यांपुढे एक नवा प्रश्न येतो. प्लंबर विचारतो, "साहेब, प्रत्येक बाथरूमला गिझर लावायचा, की गच्चीवर एकच हीट पंप?" वीजबिल कमी येतं हे ऐकून बरेच जण हीट पंपाला हो म्हणतात. मग दुकानात दुसरा प्रश्न येतो: दीडशे लिटरचा, दोनशेचा की तीनशेचा?

इथे बहुतेक लोक दोनपैकी एक करतात. एक तर "असू दे मोठा, पाहुणे येतात" म्हणून तीनशेचा घेतात. नाहीतर पैसे वाचवायला शंभरचा घेतात आणि जानेवारीत शेवटी अंघोळीला जाणारा माणूस गार पाण्यात उभा राहतो. खरं तर हे गणित वहीच्या एका पानावर मावतं.

आधी हे यंत्र करतं काय?

गिझरमधली कॉइल विजेची उष्णता करते. १ युनिट वीज घातली की १ युनिट उष्णता मिळते, त्याहून जास्त मिळूच शकत नाही. हीट पंप उष्णता तयार करत नाही, तो ती बाहेरच्या हवेतून ओढून पाण्यात सोडतो. फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तेच काम इथे पाणी तापवायला वापरलं आहे. त्यामुळे १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता मिळते. या पटीला 'सीओपी' म्हणतात. हवा जितकी उबदार, तितकी ही पट चांगली.

इंटरनेटवरचा सल्ला इथे का चालत नाही?

हीट पंपाचा आकार शोधायला गेलात की 'इतक्या चौरस फुटाला इतके किलोवॉट' असे तक्ते समोर येतात. ते युरोप-अमेरिकेतल्या घरांचे आहेत. तिथे हीट पंप अख्खं घर उबदार ठेवतो, म्हणून भिंती, खिडक्या आणि क्षेत्रफळ मोजावं लागतं. आपल्याकडे पुण्याच्या थंडीत पारा १० अंशांच्या आसपास उतरला तरी घर तापवायची वेळ येत नाही, तापवायचं असतं अंघोळीचं पाणी. त्यामुळे दोन हजार चौरस फुटांच्या बंगल्यात दोघंच राहत असतील तर छोटी टाकी पुरते, आणि सातशे चौरस फुटांत सहा माणसं असतील तर मोठी लागते.

बादलीचा हिशोब

जानेवारीच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २० अंश धरू. हीट पंपाच्या टाकीतलं ५५ अंश. अंघोळीला हवं साधारण ४० अंश. हे जमवायला ४ भाग गरम आणि ३ भाग गार पाणी लागतं. म्हणजे २० लिटरच्या बादलीत गरम पाणी साडेअकरा लिटरच असतं.

आता सहा माणसांचं घर घ्या. आजी-आजोबा दीड-दीड बादलीत अंघोळ करतात: दोघांचं मिळून ३४ लिटर गरम पाणी. बाकीचे चौघं शॉवरखाली. साधा शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडतो असं धरलं, तर सात मिनिटांत ५६ लिटर, त्यात गरम ३२. चौघांचे १२८. भांड्यांना २० लिटर. एकूण सुमारे १८२, म्हणजे १९० धरा.

मग २०० लिटरची टाकी बरोबर ना? बरोबर, पण कारण वेगळं आहे. वरून गरम पाणी निघतं तसं खालून गार पाणी आत येतं आणि मिसळतं. म्हणून २०० लिटरमधलं साधारण १६० लिटरच नीट गरम मिळतं. उरलेले ३० लिटर कुठून येणार? इथे दुसरा आकडा कामाला येतो.

लिटरइतकाच महत्त्वाचा किलोवॉट

हीट पंपाच्या पाटीवर दोन किलोवॉट लिहिलेले असतात: एक तो किती वीज घेतो आणि दुसरा किती उष्णता देतो. आपल्याला दुसरा हवा. पाणी ३५ अंशांनी तापवायचं असेल तर १ किलोवॉट उष्णतेत तासाला सुमारे २५ लिटर पाणी तापतं. २ किलोवॉटचा पंप म्हणजे तासाला ५०. पहाटेच्या गारठ्यात तो दीड किलोवॉटवर आला तरी सहा ते आठ या दोन तासांत ७० लिटरच्या वर पाणी तापवेल. १६० आणि ७० मिळून २३०. घराची गरज १९०. तीनशेची टाकी घ्यायची गरज उरत नाही.

घरात सगळेच बादलीवाले असतील तर गरज सुमारे १२५ लिटरवर येते आणि १५० ची टाकी पुरते. उलट, बाथरूमला मिनिटाला १५ लिटर सोडणारा मोठा रेन शॉवर बसवला, तर त्याच चौघांना १२८ च्या जागी २४० लिटर गरम पाणी लागेल आणि तीनशेची टाकी घ्यावी लागेल. म्हणून आधी शॉवर ठरवा, मग पंप.

पाहुणे आले तर?

लोणी काळभोरला तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. त्या रात्री अनेक घरांत वीस-पंचवीस माणसं असतात. पण वर्षातल्या एका रात्रीसाठी टाकी मोठी घेतली तर उरलेले ३६४ दिवस जास्तीचं पाणी तापवून ठेवावं लागतं आणि त्याची उष्णता हळूहळू वाया जाते. त्या दिवसापुरता परसातला बंब पेटवलेला परवडतो. टाकीचा हिशोब जानेवारीतल्या रोजच्या सकाळवर करा.

आकार फार लहान घेतला तर तोटा वेगळा आहे. बऱ्याच हीट पंपांत मदतीला साधी कॉइल असते. पंप कमी पडला की ती आपोआप चालू होते. म्हणजे पैसे हीट पंपाचे मोजले आणि बिल गिझरचं आलं.

बचत खरी किती?

१९० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला ७.७ युनिट उष्णता लागते. गिझरला तेवढीच वीज, हीट पंपाला ३ च्या सीओपीने सुमारे २.६ युनिट. रोज ५ युनिट वाचले. युनिटला १० रुपये धरले तर थंडीत महिन्याला दीड हजार. पण याला थेट १२ ने गुणू नका. मे महिन्यात टाकीतलं पाणी आधीच कोमट असतं, तेव्हा बचत नावापुरती. घरात दोघंच असतील तर साधा गिझरही वाईट सौदा नाही.

स्लॅब पडण्याआधी ठरवायच्या गोष्टी

• जागा: पंप हवेतून उष्णता घेतो आणि गार हवा सोडतो. बंद डक्टमध्ये तो स्वतःचीच गार हवा ओढत बसतो. मोकळी जागा द्या, बेडरूमच्या खिडकीखाली नको.

• वजन: २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, वर टाकीचं वजन वेगळं. इंजिनिअरला आधी सांगा.

• पाइप: पाऊण इंची पाइपच्या २० मीटर लांबीत सुमारे ६ लिटर पाणी असतं. गरम पाणी यायच्या आधी तेवढं गार पाणी वाहून जातं. टाकी बाथरूमजवळ ठेवा आणि पाइपला इन्सुलेशन करा.

• बोअरचं पाणी: जड पाण्याचा क्षार टाकीत साठतो. टाकीतला अॅनोड रॉड कधी बदलायचा, ते घेतानाच विचारा.

• वेळ: टायमर लावून मुख्य तापवणं दुपारी करा. हवा उबदार असते, पंप कमी वीज खातो. छतावर सोलर पॅनेल असतील तर तीच वीज वापरली जाते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि त्याहून मोठ्या पॅनेलला ७८,००० रुपये अनुदान जाहीर झालं आहे.

दुकानात जाताना चार आकडे कागदावर लिहून न्या: माणसं किती, बादलीवाले किती, शॉवर मिनिटाला किती लिटरचा आणि सकाळी किती वेळात सगळ्यांच्या अंघोळी उरकतात. आणि विक्रेत्याला एक प्रश्न विचारा: "पाटीवरचा सीओपी हवेच्या कोणत्या तापमानाला मोजलाय?" उत्तर ३० अंशांचं आलं, तर १० अंशांच्या पहाटे तो पंप किती उष्णता देतो, तेही विचारून घ्या. घराचे चौरस फूट सांगायची गरज पडणार नाही.