बांध आणि संस्कृती

संस्कृती म्हटली की वेशभूषा, गाणी आणि सणवार एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पॅलेस्टिनी संस्कृतीची आपली ओळखही युद्धाच्या बातम्यांपलीकडे गेलीच, तर स्त्रियांच्या झग्यावरील भरतकामापाशी थांबते. या भरतकामाला २०२१ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. एके काळी त्यातील नक्षीवरून स्त्रीचा गाव वा मुलूख ओळखता येत असे. परंतु १९४८ मध्ये सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले. इतिहासकार वालिद खालिदी यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथात अशा उजाड झालेल्या ४१८ गावांची नोंद केली आहे. गावे गेली, नक्षी तेवढी उरली.

आंबेगाव तालुक्यातील वाचकाला हे अगदीच परके वाटू नये. ज्या गावावरून या तालुक्याला नाव पडले, ते जुने आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. कचेरी घोडेगावला आहे. आंबेगाव उरले ते तालुक्याच्या नावात. अर्थात दोन्ही घटना एका मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही. तेथे युद्ध होते. येथे शेतीच्या पाण्यासाठी आपल्याच सरकारने बांधलेले धरण आहे. तथापि, पायाखालची जमीन गेल्यावर माणसाजवळ काय उरते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

याचे उत्तर बत्तीर या पॅलेस्टिनी गावात शोधता येते. जेरुसलेमच्या दक्षिणेकडील या डोंगराळ गावात दगडी बांध रचून उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेते केलेली आहेत. झऱ्याचे पाणी आठ कुळे पाळीपाळीने घेतात. म्हणून तेथला आठवडा आठ दिवसांचा, असे म्हटले जाते. २०१४ मध्ये हा परिसर जागतिक वारसा ठरला आणि त्याच वर्षी धोक्यातील वारशांतही गणला गेला.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी समाजाची पडकई याच जातीची आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र यावे, एकमेकांच्या उतारावरील जमिनीत दगडी बांध घालून भाताची खाचरे तयार करावीत, ही तिची रीत. तीत श्रमाची फेड श्रमानेच होते. डिंभ्याच्या विस्थापितांत काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेने पडकईला आणि जलाशयाकाठच्या गाळपेर शेतीला बळ दिले. २०१२ मध्ये या संस्थेला इक्वेटर पुरस्कार मिळाला. म्हणजे जगाने जिची दखल घेतली, ती आपल्याच डोंगरातली रीत होय.

मात्र पुरस्काराने बांध टिकत नाही. प्रत्येक पावसाळ्यात दगड निसटतो, तो पुन्हा बसवणारे हात लागतात. आणि ते हात तर पोटासाठी शहराची वाट धरतात. भरतकाम छावणीतही करता येते, पडकई मात्र जमिनीवाचून होत नाही. म्हणूनच विस्थापिताला केवळ पैशाचा मोबदला देऊन त्याचे नुकसान भरून निघाले, असे मानणे चुकीचे आहे. जमिनीबरोबर शेजारही द्यावा लागतो. कारण एकमेकांच्या बांधावर राबणारी माणसे पांगली, की रीतही संपते.

शासनाने आपले कर्तव्य करावेच; पण शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनीही थांबून राहू नये. बुडालेल्या गावांतील वाड्यांची, शेतांची, झऱ्यांची नावे सांगणारी वडीलधारी माणसे अद्याप आहेत. खालिदींनी दूरदेशी बसून जे केले, ते येथे एक वही आणि काही रविवार देऊन होण्याजोगे आहे.