पेटीवरचा नंबर

फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंतकडच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये जायचं तर स्वेटर घालूनच जावं. टेबलांशी उभ्या बायका बारीक कात्रीने घडातले तडकलेले मणी काढतात, घड पनेटमध्ये, म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या डब्यात, बसवतात, काटा बघतात. हात झरझर चालत असतात आणि मध्येच सगळं थांबतं. एका प्लॉटचे क्रेट संपलेले असतात. टेबलं रिकामी होतात, उरलेली लेबलं परत घेतली जातात, मगच दुसऱ्या बागेचा माल आत येतो. दोन प्लॉट मिसळले, तर उद्या तक्रार आल्यावर धरायचं कोणाला?

पेटीवरच्या नंबरावरून थेट बाग सापडते. युरोपीय संघात 1 जानेवारी 2005पासून माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, हे प्रत्येक व्यापाऱ्याला सांगता यावंच लागतं. माल धोक्याचा निघाला तर मागे घ्यावा लागतो. त्यासाठी आपल्याकडे अपेडाने, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाने, ग्रेपनेट ही बागेपासून पेटीपर्यंत माग ठेवणारी ऑनलाइन यंत्रणा उभी केली. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेतून नमुना नेतो. फवारणीच्या उरलेल्या अंशात, म्हणजे रेसिड्यूत फेल, की त्या प्लॉटची युरोपला होणारी निर्यात बंद.

तरी 2010मध्ये दणका बसलाच. एप्रिल छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला बागाईतदार वर्षानुवर्षे लिहोसिन, म्हणजे सीसीसी, मारत होते. युरोपची मर्यादा तेव्हा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. आपल्या तपासणीच्या यादीत मात्र ते नावच नव्हतं! कागद चोख असूनही माल युरोपात अडकला. यादी करणारे चुकले आणि भुर्दंड बागाईतदाराने भरला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता नाशिकच्याच रस्त्यावरची हातगाडी बघा. तिथे ना नंबर, ना प्लॉट. युरोपसाठी नापास झालेला माल आपल्या नियमांत बसतही असेल, पण विचारायचं कोणाला? 2006चा अन्नसुरक्षा कायदा शेतातल्या शेतकऱ्याला लागू नाही. 2017च्या नियमांनी माल परत मागवण्याची योजना उत्पादक, आयातदार आणि घाऊक व्यापाऱ्यांना सक्तीची केली. किरकोळ विक्रेत्याला त्यातून सूट आहे. पण म्हणून तो मोकळा सुटत नाही. त्याच कायद्याच्या कलम 27नुसार, विकलेला माल कोणाकडून आला हे कळत नसेल, तर जबाबदार विक्रेताच. तेव्हा द्राक्षं घेताना भावाबरोबर माल कुठल्या व्यापाऱ्याचा, हेही विचारा.