सबवूफर बनवावा का? सोलापुरातल्या छोट्या स्पीकरवाल्याचं गणित

सोलापुरात जयंती असो की गणपती, मिरवणुकीत 'बेस' हवाच. मग स्पीकर बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराने सबवूफरमध्ये उतरावं का?

फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी चौपट हवा हलवावी लागते. म्हणजे १८ इंची ड्रायव्हर, जाड प्लायवूड, आतून आडवे टेकू आणि दणकट अँप्लिफायर आलाच. खोका जरा ढिला राहिला की बेसऐवजी खडखड ऐकू येते.

तरी खरी अडचण कायद्याची आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून फार तर १५ दिवस. गंमत म्हणजे मोजमाप 'डीबी-ए'मध्ये होतं आणि त्यात ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. मीटरवर आकडा लहान, पण शेजारच्या खिडक्या थरथरतात. तक्रार होते ती या थरथरीचीच.

त्यामुळे मिरवणुकीच्या भरवशावर कर्ज काढणं धोक्याचंच. सभागृहं आणि होम थिएटरसाठी १० किंवा १२ इंची सबवूफर, तेही आधी ऑर्डर घेऊन, करून बघायला हरकत नाही. प्रवचनवाल्यांना मात्र तो विकायला जाऊ नये, त्यांना शब्द स्पष्ट ऐकू यायला हवेत.