कणगीतील धान्य आणि दुकानातील किराणा

शेतकऱ्याच्या घरी किराणा मालाचा खर्च वाढावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. ज्याच्या रानात तूर, हरभरा, भुईमूग, मिरची पिकते त्याने महागाईची तक्रार करावी, ह्याचे शहरवासीयांस नवल वाटणे साहजिक आहे. परंतु वस्तुस्थिती तशी आहे खरी. भारत सरकारच्या २०२३-२४ सालच्या कुटुंबखर्चाच्या पाहणीप्रमाणे खेड्यातील कुटुंबाच्या दर १०० रुपये खर्चापैकी सुमारे ४७ रुपये खाण्यापिण्याकडे जातात. शहरात हेच प्रमाण ४० च्या आत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये खाद्यपदार्थांचे किरकोळ भाव आदल्या वर्षाच्या मानाने १० टक्क्यांहून अधिक चढले होते. पुढे २०२५ साली ते बरेच उतरले. पण भाव उतरतात तेव्हा शेतकऱ्याचे उत्पन्नही उतरते, व त्या स्वस्ताईचा लाभ त्याच्या पदरी पुरता पडत नाही.

ह्याचे कारण उघड आहे. आपण सुगीत सगळा माल ठोक भावाने विकतो आणि तोच माल सहा महिन्यांनी किरकोळ भावाने, किलो-दोन किलो असा, विकत आणतो. २०१४-१५ च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ४,३५० रुपये होता. २०१५ च्या दिवाळीत शहरांतील दुकानांतून तूरडाळ किलोस २०० रुपयांच्या घरात गेली. ज्या शेतकऱ्याने खळ्यावरूनच सगळी तूर गाडीत भरून धाडली, त्याच्या घरच्या वरणासही तोच दर पडला. त्यानंतर २०१६-१७ साली तुरीचे अमाप पीक आले आणि ५,०५० रुपयांचा हमीभावही बाजारात मिळेना. विकणाराने एकदा मार खाल्ला तो घेणारा म्हणून, व दुसऱ्यांदा विकणारा म्हणून. ह्या दुहेरी माराचा निदान एक भाग टाळणे आपल्या हाती आहे. त्याचे साधन नवे नाही. आपल्या वडीलधाऱ्यांची वर्षाची बेगमी हेच ते. मात्र ती आज अंदाजाने न करता मापाने केली पाहिजे.

प्रथम घरास लागते किती, हे काढावे. पाच माणसांच्या घरात माणशी रोज ५० ग्रॅम डाळ धरली तर दिवसास पाव किलो, म्हणजे वर्षास सुमारे ९० किलो डाळ लागते. गिरणीत १०० किलो तुरीची ७० किलोच्या आसपास डाळ उतरते. तेव्हा ९० किलो डाळीस साधारण १३० किलो तूर राखून ठेवावी लागेल. कोरडवाहू एकरी साडेतीन क्विंटल उतारा धरल्यास हे पंधरा गुंठ्यांचे पीक झाले. इतका लहान तुकडा सबंध वर्षाच्या वरणाची तरतूद करतो, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. ज्वारी, गहू, मिरची, हळद ह्यांचेही असेच माप काढता येते. एक महिना घरात येणारी प्रत्येक वस्तू वहीत लिहून ठेवावी व बारांनी गुणावे. सणवार व पाहुणे ह्यांसाठी थोडे वर धरावे. ही वही घरधन्यापेक्षा गृहिणीने ठेवणे बरे. विक्रीचा निर्णय पुरुष घेतो आणि टंचाईची झळ स्वयंपाकघराला लागते. माप दोघांच्या समोर असले म्हणजे निदान पोते उचलण्यापूर्वी विचार तरी होतो.

आता ह्यात वाचते किती, ते अतिशयोक्ती न करता सांगतो. समजा, तूर ७५ रुपये किलोने विकली जात आहे. एक क्विंटल राखल्याने ७,५०० रुपये अडकले. डाळ करण्याची मजुरी व ने-आण मिळून ६०० रुपये धरू. ७० किलो डाळ मिळाली. तीच डाळ दुकानात १३० रुपये दराने ९,१०० रुपयांस पडली असती. म्हणजे बचत १,००० रुपयांची, व शिवाय चुनी आणि कोंडा गुरांस मिळाला तो वेगळा. ही रक्कम फार मोठी नव्हे. पण पावसाळ्यात डाळ १६० वर गेली तर तीच बचत ३,१०० होते. बेगमीचा खरा उपयोग हाच, की ज्या वर्षी भाव भडकतो त्या वर्षी घरास तो भडका लागत नाही. स्वस्ताईच्या वर्षी तिचा लाभ थोडा आहे, व कोणी तो मोठा करून सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. (वरील भाव केवळ उदाहरणादाखल आहेत, वाचकांनी आपापल्या पेठेचे घालून हिशेब करावा.)

पूर्वी तूर भिजवून, काव चोळून, वाळवून जात्यावर भरडीत. त्या रीतीने शंभरास साठ-पासष्टच डाळ पडते आणि बायांचे कष्ट फार. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान डाळ गिरणी तयार केली असून विदर्भात ती पुष्कळ गावी चालते. दोन-चार गावांत मिळून अशी एक गिरणी असली की हे काम सुकर होते. जात्याचा अभिमान धरून घरच्या स्त्रियांवर नवे ओझे लादण्यात आम्हास काही शहाणपण दिसत नाही.

राखलेले धान्य किडीने खाल्ले तर ही सारी काटकसर व्यर्थ, म्हणून साठवणीविषयी जरा सविस्तर लिहितो. धान्य सडते व किडते ते मुख्यतः ओलीमुळे. ज्वारी-गव्हात ओल शेकडा १२ च्या वर नसावी. कडधान्य त्याहून कोरडे, ९-१० पर्यंत असावे. यंत्र नसल्यास दाताखाली दाणा धरून पाहावा. वाळलेला दाणा कटकन फुटतो, ओला दबतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पातळ थर पसरून दोन-तीन दिवस वाळवावे, आणि रात्री दव पडण्यापूर्वी झाकावे. ऊन दिलेले धान्य गरम असता कोठीत भरू नये. ते पूर्ण निवू द्यावे, नाहीतर आतल्या आत घाम सुटून वरच्या थरास बुरशी येते. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. गेल्या वर्षीच्या पोत्यांच्या शिवणीत कीड दडलेली असते. तीच पोती न झाडता, न वाळवता पुन्हा भरणे म्हणजे घरात आपल्या हाताने बी पेरणे होय.

कडधान्यांचा मोठा शत्रू भुंगेरा. त्याची मादी शेतातच शेंगांवर अंडी घालते व तेथूनच ती घरात येतात, म्हणून नुसती कोठी स्वच्छ असून भागत नाही. मात्र ही मादी अख्ख्या दाण्यावर अंडी घालते. डाळीवर तिचे फारसे चालत नाही. यास्तव तूर, हरभरा शक्य तो लवकर भरडून डाळ करून ठेवावी. मूग, मटकी, चवळी ही उसळीसाठी अख्खीच हवीत. त्यांस किलोस ५ ते ७ मिलिलिटर खाण्याचे तेल नीट चोळून ठेवल्यास दाण्यावर घातलेली अंडी जगत नाहीत. आपल्याकडे गव्हास व तुरीस एरंडेल चोळण्याची चाल आहे, तिचे मर्म हेच. चुलीची चाळलेली राख, कडुलिंबाचा वाळलेला पाला ह्यांचाही थोडा उपयोग होतो. पण ओल्या धान्यात पाला घालून काही साधत नाही.

एक इशारा येथे देणे अवश्य आहे. धान्यात ठेवण्याच्या ज्या विषारी गोळ्या बाजारात मिळतात, त्यांतून निघणारा वायू माणसास प्राणघातक आहे. निजण्याच्या खोलीत किंवा तिला लागून असलेल्या कोठीत अशा गोळ्या ठेवल्याने घरची माणसे, विशेषतः मुले, दगावली आहेत. हे काम शिकलेल्या माणसाने, हवाबंद आच्छादनाखाली, राहत्या घरापासून दूर करावयाचे आहे. पाच पोत्यांच्या बेगमीसाठी त्या गोळ्या घरात आणूच नयेत. तसेच बियाण्याला औषध लावून उरलेले दाणे खाण्याच्या धान्यात कधीही मिसळू नयेत.

बुरशी आलेल्या भुईमुगाचीही तीच गोष्ट. त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते भाजण्या-तळण्याने पुरते जात नाही, आणि तसले दाणे किंवा पेंड गाई-म्हशीस घातल्यास दुधातही उतरते. असे दाणे टाकून द्यावेत. येथे काटकसर नको.

तेलाच्या बाबतीत मात्र बेगमीचा न्याय सरळ लागू पडत नाही. आपल्या देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येते, त्यामुळे दूरच्या घडामोडींचा धक्का थेट आपल्या फोडणीस बसतो. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले व त्याच वर्षी इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबविली, तेव्हा हे सर्वांनी अनुभवले. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने सोयाबीन पिकविणाऱ्यांस भाव मिळावा म्हणून आयात तेलावरील जकात वाढविली, त्याबरोबर दुकानातील तेल चढले. सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याने म्हणावे की तेल घरीच काढू, तर तेही जमत नाही. सोयाबीनात तेल शेकडा १८-२० च असते व ते घाण्यावर नीट सुटत नाही. त्यास मोठा कारखानाच लागतो.

भुईमुगाचा हिशेब पाहा. १०० किलो दाणे, किलोस १०० रुपये भावाचे, व गाळण्याची मजुरी १,००० रुपये, मिळून ११,००० झाले. पेंड ५५ किलो, ४० रुपये दराने २,२०० वजा जाता ८,८०० उरले. तेल घाण्यावर ४० किलोच्या आसपास निघाले, म्हणजे किलोस २२० रुपये पडले. दुकानातील साधे रिफाईंड तेल बहुधा ह्याहून स्वस्त असते. घाण्याचे तेल चवीसाठी, आपल्यासमोर गाळलेले म्हणून व पेंडीसाठी अवश्य घ्यावे. पण ते स्वस्त पडते असे समजून घेऊ नये. तेलात खरी बचत होते ती वापरात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात माणशी रोज सुमारे २७ ग्रॅम तेल पुरेसे मानले आहे. पाच माणसांस महिन्याला हे ४ किलो होते. आपल्या घरी डबा किती दिवसांत संपतो, हे ज्याचे त्याने पाहावे. महिन्याच्या पहिल्या तारखेस मोजून काढलेल्या तेलावर महिना निभावण्याची सवय लावल्यास, कोणास उपाशी न ठेवता खर्च उतरतो.

भाजीपाल्याचा खर्च तर शेतकऱ्याच्या घरी असण्याचे कारणच नाही, तरी आठवड्याच्या बाजारातून पिशवी भरून भाजी घरी येते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शहरोशहरी किलोस १०० च्या पुढे, कोठे कोठे दीडशे-दोनशेपर्यंत गेला. आणि तोच टोमॅटो इतर वेळी तोडणीची मजुरीही सुटत नाही म्हणून रस्त्यावर ओतला जातो. घरामागील अर्धा गुंठा, मोरीचे सांडपाणी आणि दोन मांडव एवढ्यावर दोडका, कारले, घेवडा, आळू, पालेभाजी बारमाही निघते. शेवगा, कढीपत्ता, लिंबू व पपई ही झाडे एकदा लावली की मागे पाहावे लागत नाही. स्वस्ताईच्या दिवसांत टोमॅटोच्या फोडी, गवार, मेथी, वांग्याच्या काचऱ्या मीठ लावून वाळवाव्यात; सांडग्या-कुरडयांबरोबर हे काम सहज उरकते. कोकणात कुळीथ, वाल, आमसुले ह्यांची तरतूद अजून घरोघर दिसते, ती घाटावर का दिसू नये हे आम्हास कळत नाही. जेथे सगळे रान कपाशी वा सोयाबीनखाली गेले आहे, तेथे कपाशीत मुगा-उडदाचे दोन तास आणि रब्बीत घरापुरती ज्वारी एवढे तरी असावे. कडबा मिळतो तो जमेस धरावा.

आणखी एक गोष्ट वर सांगितलेल्या पाहणीतून दिसते, ती थोडी लाजिरवाणी आहे. खेड्यांतील खर्चात धान्याचा वाटा शेकडा ५ च्या आसपास, तर पेये, फराळाचे व तयार खाद्यपदार्थ ह्यांचा जवळजवळ १० आहे! बिस्किटे, फरसाण, रंगीत पाकिटांतील खाऊ ह्यांचा खर्च भाकरीच्या दुप्पट व्हावा, ही शोभणारी गोष्ट नव्हे. मुलांस खाऊ देऊ नये असे कोणी म्हणणार नाही. पण शेंगदाण्याचा लाडू, फुटाणे, लाह्या हा खाऊच आहे, व त्याचा कच्चा माल घरचा आहे. पाकीट घेणेच झाले तर वेष्टनावर ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो तो वाचावा. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांतील माल बहुधा मोठ्या पुड्याहून महाग पडतो.

बेगमीच्या आड येते ती रोकड. सुगीत देणी उभी असतात, म्हणून राखावयाचे पोतेही बाजारात जाते. अशा वेळी विक्रीसाठी असलेला माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून त्यावर उचल घेता येते. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून चालू असून तीत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सवलतीच्या व्याजाने मिळते. तुरीची देणी तुरीवरच्या उचलीने भागवावीत व घरचे वाटे घरी राहू द्यावेत. दुकानदाराच्या उधारीपेक्षा हे व्याज खचित हलके. उधारीचे व्याज वहीत दिसत नाही, ते मालाच्या दरात व मापात वसूल होते.

जे शेतात पिकत नाही, म्हणजे मीठ, साखर, चहा, साबण, ते आठ-दहा घरांनी मिळून तालुक्याच्या ठोक दुकानातून रोखीने आणावे. सोसायटीचे गोदाम असल्यास तेथेच वाटणी करावी. साखर व चहा पावसाळ्यापूर्वी दोन महिन्यांहून अधिक घेऊन ठेवू नये, ओलीने खराब होतात. वाटणीच्या वेळी काटा गावातील दोन माणसांनी पाहावा, पैसे माल आणण्यापूर्वी जमा व्हावेत, आणि ज्याचे पैसे आले नसतील त्याचा माल त्या खेपेस आणू नये.