दोष नेमका कुठे आहे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरोघरी जाते होते तेव्हा जात्याला टाकी लावणारा कारागीर अधूनमधून दारावर येत असे. दळून दळून दगड गुळगुळीत झालेला असायचा. कारागीर छिन्नीने त्यावर बारीक खाचा पाडी आणि जाते पुन्हा नीट दळू लागे. मात्र दगड आतूनच तडकलेला असेल, तर कितीही टाकी लावली तरी उपयोग नसे. म्हणजे दगडात दोष आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. तो कुठे आहे आणि किती आहे, हेही पाहावे लागते. आज ज्या अतिसूक्ष्म कणांविषयी बोलायचे आहे, त्यांचीही गत अशीच आहे.

हे कण आपल्या कामाचे का, ते आधी पाहू. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. असे दिवस पाहिलेल्या मुलखाला वापरलेले पाणी वाया घालवणे परवडणारे नाही. पाण्यातला गाळ खाली बसवता येतो, बरीचशी घाण जिवाणू खाऊन टाकतात. पण कापड रंगवण्याच्या रंगाचे काय? चादरीचा रंग धुऊन किंवा उन्हाने उडू नये, अशा बेतानेच तो तयार केलेला असतो. तोच रंग सांडपाण्यात उतरला की जिवाणूंनाही सहजासहजी पचत नाही.

अशा चिवट पदार्थांसाठी शास्त्रज्ञांनी उन्हाची मदत घ्यायचे ठरवले. टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड ही दोन पांढरी चूर्णे आपल्या ओळखीची आहेत. पहिले भिंतीच्या रंगात असते, दुसरे अंगाला लावायच्या कॅलामाइन लोशनमध्ये. टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करता येते, हे फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवले, आणि या विषयाला मोठी चालना मिळाली.

हे घडते कसे? पुरेशा ऊर्जेचा प्रकाश कणावर पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून वरच्या पातळीवर जातो. मागे जी मोकळी, धनप्रभारित जागा उरते तिला ‘होल’ म्हणतात. ही जोडी कणाच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचली, तर इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो आणि होल पाण्याच्या रेणूंवर काम करते. त्यातून जे अतिक्रियाशील घटक तयार होतात, ते रंगाचे रेणू तोडू लागतात. चूर्ण स्वतः खर्च होत नाही, म्हणून त्याला प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात.

अडचण अशी, की बहुतेक जोड्या वाटेतच पुन्हा एकत्र येतात आणि मिळालेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. कण नॅनो आकाराचा केला की पृष्ठभागापर्यंतची वाट आखूड होते. शिवाय पृष्ठभागही अफाट वाढतो. सुमारे २५ नॅनोमीटरच्या कणांचे एक ग्रॅम चूर्ण घेतले, तर त्याचा एकूण पृष्ठभाग ५० चौरस मीटरच्या आसपास भरतो. चिमूटभर चूर्णात एका लहान घराएवढी जागा!

आता दोषाकडे वळू. स्फटिकात अणू ओळीने, ठरलेल्या जागी बसलेले असतात. पंगतीत एखादा पाट रिकामा राहावा, तशी मधूनच ऑक्सिजनच्या एखाद्या अणूची जागा रिकामी राहते. ही रिकामी जागा पृष्ठभागावर असेल, तर ऑक्सिजनचे आणि पाण्याचे रेणू तिथे येऊन चिकटतात. इलेक्ट्रॉनही तिथे क्षणभर अडकतो आणि होलला आपले काम करायला सवड मिळते. ही झाली जात्याची टाकी. तीच रिकामी जागा कणाच्या पोटात खोलवर असेल, तर तिथे अडकलेल्या इलेक्ट्रॉनची आणि होलची गाठ पडते आणि दोघेही संपतात. ही झाली आतली तडक. पृष्ठभागावरचे दोषही प्रमाणाबाहेर गेले तर तेही अशीच हानी करतात.

मग चूर्ण भट्टीत भाजून सगळेच दोष का घालवू नयेत? भाजल्याने आतले अणू जागेवर बसतात हे खरे, पण कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पृष्ठभाग घटतो. आच किती आणि किती वेळ द्यायची, यातच सारे कसब आहे.

दोषांचा आणखी एक उपयोग आहे. टायटॅनियम डायऑक्साइड मुख्यतः अतिनील किरणांवर चालते आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात त्यांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो. ठरावीक दोष निर्माण केले की हेच चूर्ण दृश्य प्रकाशही शोषू लागते. २०११ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी हे पांढरे चूर्ण हायड्रोजनच्या दाबाखाली सुमारे २०० अंश सेल्सिअसवर पाच दिवस ठेवले, तेव्हा ते चक्क काळे झाले. कणांच्या बाहेरच्या थरातली अणूंची शिस्त मोडली होती आणि गाभा मात्र शाबूत होता. अर्थात, जास्त प्रकाश शोषला म्हणजे तेवढेच जास्त काम झाले, असे नेहमीच होत नाही.

नांदेडला विष्णुपुरी येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही धातूंच्या ऑक्साइडच्या नॅनो पदार्थांवर संशोधन होते. प्रयोगशाळेतल्या ग्लासभर पाण्यापासून गावच्या नाल्यापर्यंतची वाट मात्र लांब आहे. गढूळ पाण्यात प्रकाश खोल जात नाही. काम झाल्यावर एवढे बारीक चूर्ण पाण्यातून परत काढावे लागते. शिवाय रंग उडाला म्हणजे पाणी शुद्ध झाले असे नाही. मोडलेल्या रेणूंचे तुकडे मागे राहिले आहेत का, ते तपासावेच लागते. म्हणून ‘नॅनो’ शब्द लावून कोणी शुद्ध पाण्याची हमी देऊ लागला, तर हा प्रश्न जरूर विचारा.

ऊन आपल्याकडे भरपूर आहे, तुटवडा पाण्याचा आहे. एकाने दुसऱ्याची उणीव थोडी तरी भरून काढावी, यासाठी ही खटपट आहे. आणि तिचे यश बरेचसे एका अणूची जागा नेमकी कुठे रिकामी ठेवायची, यावर अवलंबून आहे.