एक सलाईन की पंधरा? दोन उपचारांची तुलना संख्याशास्त्र कशी करते

काळाआजार वालुमाशीच्या चाव्यातून पसरतो. ताप हटत नाही, प्लीहा वाढत जाते, रक्त कमी होते आणि उपचार मिळाले नाहीत तर रोगी बहुधा दगावतो. बिहारमध्ये या रोगाने गरीब वस्त्यांचे फार हाल केले. त्यावर अँफोटेरिसिन बी हे औषध चालायचे, पण दिवसाआड एक अशी पंधरा सलाईन लावावी लागत. म्हणजे २९ दिवस रुग्णालयात मुक्काम आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडालेली.

वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातील डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुझफ्फरपूरच्या संशोधन केंद्रात एक प्रश्न घेतला: याच औषधाचे लिपोसोमल (मेदाच्या सूक्ष्म कणांत भरलेले) रूप एकाच सलाईनमधून दिले तर रोगी तितकेच बरे होतील का? निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दोन गटांची तुलना कशी करतात, हे समजून घ्यायला हा अभ्यास उत्तम आहे.

आकडेमोडीच्या आधीची पायरी सर्वांत मोलाची. एकूण ४१२ रुग्ण होते. कोणाला कोणते औषध द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवले नाही. वाटणी यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगावर सोडलेली होती; प्रमाण तीनास एक. समजा, नवे औषध फक्त कमी आजारी रुग्णांना दिले असते, तर ते उगाच गुणकारी ठरले असते. औषध आणि बरे होणे यांचा संबंध आकड्यांत दिसला असता, पण त्याचे कारण औषध नसते. ही चूक नंतरची कोणतीही चाचणी दुरुस्त करू शकत नाही.

सहा महिन्यांनंतर एका सलाईनच्या गटातील ३०४ पैकी २९१ रुग्ण बरे ठरले, म्हणजे ९५.७ टक्के. पंधरा सलाईनच्या गटातील १०८ पैकी १०४, म्हणजे ९६.३ टक्के. बरे न ठरलेले अनुक्रमे १३ आणि ४. फरक अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त. हा फरक खरा की योगायोगाचा?

येथे संख्याशास्त्र ‘शून्य परिकल्पना’ मांडते: दोन्ही उपचारांत काहीच फरक नाही असे धरून चला. मग ४१२ चिठ्ठ्या करा, त्यांतल्या १७ चिठ्ठ्यांवर ‘बरा नाही’ असे लिहा, सगळ्या नीट मिसळा आणि डोळे मिटून १०८ उचला. ‘बरा नाही’च्या सरासरी किती चिठ्ठ्या हाती येतील? १०८ गुणिले १७ भागिले ४१२, म्हणजे ४.४६. ही झाली अपेक्षित संख्या. प्रत्यक्षात मिळाल्या ४.

कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडलेली काय-वर्ग चाचणी हेच अंतर मोजते. दोन गट आणि दोन निकाल यांच्या तक्त्यातील चारही चौकटींत प्रत्यक्ष संख्येतून अपेक्षित संख्या वजा करायची, वजाबाकीचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित संख्येने भागायचे आणि चारही उत्तरांची बेरीज करायची. येथे बेरीज येते सुमारे ०.०७. अशा तक्त्यात फरक सार्थ, म्हणजे केवळ योगायोगाचा नाही असे म्हणायला, नेहमीच्या पाच टक्के पातळीला ही बेरीज ३.८४ च्या वर जावी लागते. ती जवळपासही नाही. पी-मूल्य येते सुमारे ०.८. म्हणजे उपचार अगदी सारखे असते, तरीही निव्वळ वाटणीमुळे एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातून सुमारे ऐंशी वेळा दिसला असता. उपचार सारखे असण्याची शक्यता ऐंशी टक्के आहे, असा याचा अर्थ मात्र होत नाही.

एक पथ्य पाळावे. अपेक्षित संख्या पाचच्या खाली असेल तर काय-वर्गावर विसंबू नये; आपली ४.४६ पाचच्या खालीच आहे. अशा वेळी संख्याशास्त्रज्ञ फिशर यांची अचूक चाचणी वापरतात. येथे तिचाही निष्कर्ष तोच येतो.

बरा की नाही असे मोजायचे नसून हिमोग्लोबिन किंवा वजन मोजायचे असेल, तर सरासऱ्यांची तुलना करणारी टी-चाचणी लागते. त्याच रुग्णाची उपचारापूर्वीची आणि नंतरची मोजमापे असतील तर जोडीची टी-चाचणी; दोनाहून अधिक गट असतील तर प्रसरण विश्लेषण.

आता सर्वांत महत्त्वाचे. ‘फरक सापडला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. समजा, तीस-तीस रुग्णांचे दोन गट आहेत. एकात २९ बरे झाले, दुसऱ्यात २६. फरक तब्बल दहा टक्क्यांचा, तरीही चाचणी त्याला सार्थ म्हणत नाही, कारण रुग्णच कमी आहेत. म्हणून पी-मूल्यावर न थांबता विश्वास मर्यादा, म्हणजे खरा फरक ज्या टप्प्यात असू शकेल त्याची दोन टोके, पाहायच्या. मुझफ्फरपूरच्या आकड्यांवरून ९५ टक्के विश्वास मर्यादा ढोबळमानाने अशा येतात: एक सलाईन फार तर पाचेक टक्क्यांनी कमी पडत असेल, किंवा चारेक टक्क्यांनी सरस असेल. किती उणेपणा चालवून घ्यायचा हे अभ्यासाआधीच ठरवतात, आणि खालची मर्यादा त्याच्या आत राहिली तरच नवा उपचार ‘कमी प्रतीचा नाही’ असे म्हणतात. हा अभ्यास मुळात याच पद्धतीने आखला होता. पुढे भारताच्या काळाआजार निर्मूलन कार्यक्रमात या एका सलाईनला पहिली पसंती मिळाली.

शेतीच्या प्रयोगांतही हीच तुलना लागते; कृषी संशोधकांच्या पिढ्या हे शास्त्र पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४ च्या पाठ्यपुस्तकातून शिकल्या. पण हा विचार केवळ संशोधकांपुरता नाही. ‘दोन औषधांत फरक आढळला नाही’ अशी बातमी वाचाल तेव्हा रुग्णांची वाटणी कशी झाली, रुग्ण किती होते आणि विश्वास मर्यादा किती रुंद होत्या, हे जरूर शोधा. ते दिलेले नसेल, तर त्या बातमीवरून आपले औषध बदलू नका.